गच्चीवर सोलर आहे, तरी घरोघरी गिझर चालू. हरित सोसायटीतल्या शेजाऱ्यांना सामील कसं करून घ्यायचं?

बी विंग सचिव, पुणे

नमस्कार मंडळी. जूनपासून मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. बावधनच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी अकरा मजली चार विंग, १६८ फ्लॅट. इमारतीला ‘ग्रिहा’ या हरित इमारतींच्या मानांकनाचे चार तारे आहेत. मी हे घर त्यासाठीच घेतलं. त्याच पैशांत रस्त्याला लागून मोठा फ्लॅट मिळत होता, पण इथे गच्चीवर सौर बंब होते, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती होत्या, प्रत्येक खिडकीवर खोल छज्जा होता. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला द्यायची वेगळी पाइपलाइन होती. ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्रही बिल्डरने बसवून दिलं होतं.

ताबा मिळून तीन वर्षं झाली. आज परिस्थिती अशी आहे. सकाळी साडेसहाला कुठल्याही घरात जा, गिझरचा लाल दिवा लागलेला असतो. निम्म्याहून जास्त बाल्कन्यांना स्लायडिंग काचा लागल्या आहेत आणि एप्रिलपासून त्यांच्यामागे एसी १८ वर चालतात. फ्लशच्या पाण्याला वास येतो म्हणून काही जणांनी प्लंबर बोलावून फ्लश पिण्याच्या लाइनला जोडून घेतलाय, आणि मार्चपासून आम्ही टँकर मागवतो! खताच्या यंत्रात प्लास्टिकच्या पिशव्या, कधी डायपरसुद्धा. यंत्र चालवणाऱ्या मावशी ते हाताने वेचून काढतात. हे मी स्वतः उभं राहून बघितलं. त्या दिवसापासून मला हा विषय पुढे ढकलता येत नाही.

आधीच्या कमिटीने लिफ्टमध्ये पोस्टर लावली, वसुंधरा दिनाला मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली. मुलांनी मनापासून चित्रं काढली, पण घरातली बटणं होती तशीच राहिली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचना कुणी वाचत नाही.

आता कमिटीत दोन प्रस्ताव आहेत. कचरा वेगळा न करणाऱ्या घराला ५०० रुपये दंड, आणि नियम मोडणाऱ्या फ्लॅटची यादी लिफ्टमध्ये लावायची. मला दुसऱ्याने अस्वस्थ केलंय. या माणसांबरोबर मला पुढची कित्येक वर्षं राहायचंय. आमच्या आईच्या वेळी रात्री दोन वाजता गाडी काढणारे शेजारी याच यादीत असतील.

तुमच्यापैकी कुणी अशा इमारतीत राहिलंय का, अशी कामं केली आहेत का? ‘पाणी वाचवा, वीज वाचवा’ हे आम्हाला पाठ आहे. प्रत्यक्षात माणसं कशाने बदलली, ते सांगा.

निवृत्त पाइपवाला, नाशिक

सचिव ताई, मी इमारतींच्या पाण्याच्या लाइन आखण्यात उभी हयात घालवली, त्यामुळे गिझरवरच बोलतो. रहिवाशांना समजवायला जाण्याआधी एक पहाट यासाठी द्या. सहा वाजता सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मजल्यावरच्या एकेका बाथरूममध्ये सोलरचा नळ सोडा. बादली आणि साधा थर्मामीटर घ्या. पाणी ४० अंशांवर यायला किती बादल्या वाया जातात ते लिहून ठेवा.

माझा अंदाज सांगतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी साठ अंशांचं असतं, पण उभ्या लाइनमधलं पाणी रात्रभरात थंड पडलेलं असतं. ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे साधारण ८०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत तीस मीटर धरले तर चोवीस लिटर झाले. म्हणजे सकाळी जो पहिला उठतो त्याने बादलीभराहून जास्त थंड पाणी मोरीत सोडल्याशिवाय त्याला सोलरचं पाणी दिसतच नाही. त्याची कॅब साडेसातला येते. सोसायटीत टँकर चालू आहेत हे त्याला माहीत आहे. तो गिझरचं बटण दाबतो. त्याला बेजबाबदार कसं म्हणायचं? पाणी वाया जाऊ नये म्हणूनच त्याने वीज जाळली.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: रिटर्न लाइन. उभ्या पाइपाच्या तळापासून एक बारीक लाइन परत गच्चीवर न्यायची, तिच्यावर छोटा पंप बसवायचा. टायमरने तो पहाटे पाचला सुरू होतो, पाणी फिरवत ठेवतो आणि लाइन गरम झाली की थर्मोस्टॅट त्याला थांबवतो. सोबत सगळ्या उभ्या पाइपांना चांगलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता टिकवणारं वेष्टण. बऱ्याच इमारतींत ते गच्चीवर असतं, शाफ्टमध्ये, म्हणजे उभे पाइप जातात त्या पोकळीत, नसतं, किंवा असलेलं दोन पावसाळ्यांत गळून पडतं. शाफ्टमध्ये टॉर्च मारून बघा.

आणखी एक चोर असतो, तो सहसा कुणाला सापडत नाही. बाथरूमच्या मिक्सरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल आणि कुणी गरम-थंड दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त हँडशॉवरचं बटण बंद करत असेल, तर थंड पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं. थंड लाइनचा दाब जास्त असला की हे हमखास होतं. अशी एक-दोन घरं असली तरी त्या उभ्या लाइनवरचे सगळे ‘सोलरचं पाणी कोमट येतं’ म्हणतात. या घरांना शोधून दोन व्हॉल्व्ह बसवून दिले की दहा घरांची तक्रार मिटते.

गिझरचा हिशेबही घ्या. चौघांच्या घराला आंघोळीचं साठ लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण दोन युनिट लागतात. आपल्याकडच्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. शंभर घरांनी रोज असं केलं तर महिन्याला सहा हजार युनिट आणि चार टनांहून जास्त कार्बन, तेही वर टाकी तापलेली असताना. हा आकडा सभेत जरूर मांडा, पण पाइप दुरुस्त केल्यावर.

भाड्याने राहणारा, हिंजवडी

मी अशाच एका मानांकनवाल्या सोसायटीत दीड वर्ष भाड्याने आहे. करार झाला त्या दिवशी एजंटने तीन गोष्टी सांगितल्या: पार्किंग कुठलं, मेंटेनन्स कोण भरणार, पाहुणे आले तर गेटवर काय सांगायचं. बाथरूममध्ये तीन नळ आहेत, त्यातला कुठला सोलरचा, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेसुद्धा गप्पांच्या ओघात. फ्लशच्या टाकीतलं पाणी पिवळसर का, हे मी गूगलवर शोधलं. खताचं यंत्र आहे हे तर आजवर माहीत नव्हतं.

सचिव मॅडम, तुमच्याकडे भाडेकरू किती आहेत? सभेची नोटीस मालकाला जाते, पण राहतो मी.

ठाण्याचा अध्यक्ष

मी उलट बाजूने लिहितो. आमच्या सोसायटीत दोन वर्षं समजावून सांगितलं, काही झालं नाही. मग सर्वसाधारण सभेत ठराव करून दंड लावला. आता कचरा वेगळा येतो. गोड बोलून चांगली माणसं ऐकतात, ती आधीपासूनच करत असतात. उरलेल्यांना खिशाची भाषा कळते. तुमची काळजी समजतो, पण कमिटी म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायची जागा नव्हे.

मानसशास्त्र शिकवते, औरंगाबाद

अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे कचरा वेगळा यायला लागला याचा आनंदच आहे. पण दंडाबद्दल एक जुना प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते, तो इथे सांगितलाच पाहिजे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं घेतली. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यातल्या सहा ठिकाणी उशिरासाठी छोटा दंड सुरू केला. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी ते कमी झाले नाहीत. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं व्हायला होई. दंड आल्यावर ती पैसे देऊन घ्यायची सेवा झाली. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५०० रुपये ज्याला जड नाहीत, असं घर बावधनला नक्की असेल. तो वर्षाचा दंड एकदम भरून मोकळा होईल आणि मावशी पिशव्या वेचतच राहतील.

यादीचं म्हणाल तर लावूच नका. पण तुलना मात्र उपयोगी पडते, ती कशी करायची यावर सगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे २९० घरांना दारावर चिठ्ठ्या लावून कळवलं: तुमचा वीजवापर इतका, आजूबाजूचा सरासरी इतका. जे सरासरीच्या वर होते ते खाली आले. पण जे आधीच कमी वापरत होते ते वर गेले, सरासरीकडे सरकले. मग काही चिठ्ठ्यांवर कमी वापरणाऱ्यांसाठी नुसता एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ते वर गेले नाहीत. हा अभ्यास २००७ चा. माझ्या मते यातली दुसरी बाजू आपल्याकडे कायम विसरली जाते. आपण चुकणाऱ्याच्या मागे लागतो, आणि जी पन्नास घरं निमूटपणे सगळं नीट करत असतात त्यांना कुणी एक शब्द बोलत नाही. सचिव ताई, सुरुवात त्या पन्नास घरांपासून करा. त्यांच्या दारात जा आणि आभार माना.

भाडेकरू मित्राचा मुद्दाही फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी १९७० च्या दशकात तिथल्या एकसारख्या घरांच्या इंधनवापराचा अभ्यास केला. भिंती त्याच, खिडक्या त्याच, तरी एका घराचा वापर दुसऱ्याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त निघे. घरातली माणसं बदलली की त्याच घराचा आकडा बदलून जाई. तुमच्याकडे दर अकरा महिन्यांनी काही घरांतली माणसं बदलतात, तेव्हा नवा माणूस आला त्या आठवड्यात त्याला गाठलंत तर ते वर्षभराच्या पोस्टरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. सवय लागायच्या आधीची वेळ असते ती.

बी विंग सचिव, पुणे

काय लिहू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. थोडं उत्तर देते.

पाइपवाले काका, तुम्ही सांगितलेली पहाट काल दिली. सी विंगमध्ये अकराव्या मजल्यावर अर्धी बादली होईतो पाणी कढत आलं. दुसऱ्या मजल्यावर दोन बादल्या भरल्या तेव्हा कुठे कोमट. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘आम्हाला वाटायचं आमच्या फ्लॅटला सोलर दिलाच नाहीये.’ तीन वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शाफ्टमध्ये टॉर्च मारला तर सातव्या मजल्याखाली इन्सुलेशन नाहीच.

भाडेकरू आमच्याकडे साधारण एकतृतीयांश घरांत आहेत. तुम्ही म्हणता ते तंतोतंत खरं आहे. आमच्याकडून त्यांना फक्त मूव्ह-इनची पावती जाते.

काका, एक विचारते. फ्लशच्या पाण्याच्या वासाचं काय? लोकांना मी काय सांगू?

निवृत्त पाइपवाला, नाशिक

आजींच्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे.

वासासाठी लोकांना काही सांगू नका, आधी एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या खोलीत जा. ऑपरेटरला विचारा, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर दिवसातून किती तास चालतो? घाण खाणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते. बऱ्याच सोसायट्यांत वीजबिल कमी करायचं म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवतात. हवा तुटली की ते जिवाणू मरायला लागतात, हवेशिवाय जगणारे दुसरे वाढतात, आणि वास त्यांचा असतो. नंतर कार्बन फिल्टर केव्हा बदलला ते विचारा. हे दोन्ही नीट झालं की महिन्याभरात पाण्यात फरक दिसेल.

त्यानंतर घराघरांतून एकच गोष्ट मागा: संडासात अ‍ॅसिड आणि बाटलीभर फिनेल ओतणं बंद. ते सगळं खाली जिवाणूंवर जाऊन पडतं. चारही विंगच्या सफाईवाल्यांशी आणि घरकामाला येणाऱ्या बायकांशी बोला, कारण बाटली त्यांच्या हातात असते. पर्याय त्यांना दाखवा, आणून द्या.

छज्जा

मी आर्किटेक्ट आहे, एसीच्या मुद्द्यावर थोडक्यात. बाल्कनी ही तुमच्या हॉलची सावली असते. तिच्या कठड्यावर काच बसवली की सावली द्यायची जागाच उन्हात जाते. काचेतून ऊन आत येतं, भिंत आणि फरशी तापते, उष्णता आत कोंडते. वर स्लायडिंगची निम्मीच खिडकी उघडते, त्यामुळे वारा अर्धा. मग एसी लागणारच. आतून जाड पडदा लावून फार उपयोग होत नाही, ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं. अडवायचं ते बाहेर: बांबूची चिक, किंवा वाळ्याचा पडदा.

पण लोक काच का लावतात हे विचारलंत का? माझ्या अनुभवात कारणं ठरलेली असतात. कबुतरं, पावसाची झड, समोरच्या बांधकामाची धूळ, लहान मूल. कबुतरांना जाळी पुरते, पावसाला वर गुंडाळता येणारा पडदा पुरतो. कमिटीने एकदाच चांगल्या जाळीवाल्याशी दर ठरवून दिला तर ज्यांनी अजून काच लावली नाही ते थांबतील. ज्यांनी लावली त्यांच्याशी भांडू नका. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर ती जितकी उघडते तितकी उघडायला सांगा.

पुण्याला निसर्गाची एक मोठी देणगी आहे. एप्रिलात दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा २१-२२ वर येतो. रात्रभर खिडक्या उघड्या, सकाळी नऊला बंद, पडदे ओढलेले, एवढ्याने एएसी ब्लॉकचं घर दुपारी बाहेरपेक्षा बरंच थंड राहतं. यात अडसर डासांचा असतो. बेडरूमच्या खिडकीला डासांची जाळी नसेल तर रात्री कुणी खिडकी उघडणार नाही, कितीही सांगा. म्हणून मी आधी जाळी म्हणते. त्यानंतर ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा. एसी लावायचाच तर २४ वर. २०२० पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू होताना २४ वरच येतात, लोक तिथून खाली नेतात. पंखा चालू असेल तर २६ सुद्धा पुरतं.

दक्षिण लंडन

मी मूळची कोल्हापूरची, इथे परिचारिका आहे. लंडनच्या दक्षिणेला हॅकब्रिजमध्ये बेडझेड म्हणून वसाहत आहे, तिथे काही वर्षं भाड्याने राहिले. २००२ मध्ये बांधून झालेली शंभर घरं, छपरांवर वारा पकडणारी रंगीत धुराडी. जगभरचे आर्किटेक्ट बघायला येतात.

मला त्या घराने काय शिकवलं ते सांगते. वीज आणि पाण्याचे मीटर स्वयंपाकघरात, काचेमागे, डोळ्यांसमोर होते. आपल्याकडे मीटर जिन्याखालच्या कपाटात, त्याची किल्ली वॉचमनकडे. केटल लावली की आकडा पळायला लागायचा, ते माझ्या मुलाला दिसायचं, मला दिसायचं. कुणी काही शिकवलं नाही. दक्षिणेच्या बाजूला काचेची खोली होती. हिवाळ्यात ऊन असताना तिचं आतलं दार उघडायचं, अंधार पडला की बंद करायचं. उन्हाळ्यात बाहेरच्या काचा उघडायच्या. हे ज्याला सांगितलं नाही तो तिथे थंडीत कुडकुडणार आणि उन्हाळ्यात भाजणार. मला ते शेजारणीने दाखवलं, हात धरून, एका रविवारी. मी ते पुढे माझ्यानंतर आलेल्या कुटुंबाला दाखवलं.

आणि तिथली यंत्रं सगळी चालली असं नाही. लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि उष्णता करणारं केंद्र काही वर्षांतच बंद पडलं, गॅसवर यावं लागलं. तरी २००७ च्या पाहणीत तिथली घरं आसपासच्या सरासरीपेक्षा ४५ टक्के कमी वीज वापरत होती. मोठं यंत्र बंद पडलं तरी भिंती आणि माणसांच्या सवयी कामाला येत होत्या. अशा पाहण्यांत रहिवाशांना विचारलं होतं की किती शेजाऱ्यांना नावाने ओळखता, तर सरासरी वीस निघाले. लंडनमध्ये वीस म्हणजे खूप झाले, दादा. सचिव ताई, तुम्हाला लिफ्टमधली यादी खुपली ना, ते बरोबर खुपलं. जिने मला काचेचं दार दाखवलं तिचंच मी ऐकेन.

कचरा समन्वयक, कोथरूड

कचऱ्यावर मी बोलते, रोज त्याच कामात असते. ठाण्याचे अध्यक्ष आणि मानसशास्त्राच्या बाई, दोघांचंही थोडं बरोबर आहे असं मला वाटतं. दंड नको, पण मिसळलेला कचरा उचलायचाही नाही. कचरा घरातच वेगळा करायची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घरावर टाकली. मावशींना हे सांगा की मिसळलेली बादली त्यांनी दाराशी तशीच ठेवायची, आणि कमिटी त्यांच्या बाजूने उभी राहील. याला लेखी पाठिंबा द्या. नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्यावर ओरडेल आणि त्या पुन्हा हाताने वेचायला लागतील, कारण नोकरी त्यांची जाणार असते.

डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात कचरावेचक बायकांनीच रुजवली. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने ती मोहीम चालवली. कारण सरळ आहे: उघडणाऱ्या हाताला आत काय आहे ते आधी कळावं. लिफ्टमध्ये ‘पर्यावरण वाचवा’ लावण्यापेक्षा हे सांगा.

आणि मावशींना सभेत बोलवा. कोणत्या मजल्यावरचा कचरा नीट येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. कोण चुकतं ते त्यांना विचारू नका, त्यांना अवघड होईल. कोण नीट देतं ते विचारा.

ठाण्याचा अध्यक्ष

कचरा न उचलण्याचा पर्याय आम्ही केला नव्हता. आमच्या कमिटीपुढे ठेवतो. हैफाचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे, कारण आमच्याकडेही दोन घरं दर महिन्याला दंड भरतात आणि त्यांचा कचरा तसाच येतो. त्यांची नावं मी कागदावर बघत होतो, घरी कधी गेलो नाही. या रविवारी जातो.

बी विंग सचिव, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीची बैठक झाली. यादी लावायचा प्रस्ताव मागे घेतला. दंडाचा पुढच्या सभेपर्यंत थांबवला.

एसटीपीचं काका म्हणाले तसंच निघालं. ब्लोअर रात्री दहा ते सहा बंद असायचा, आधीच्या कमिटीच्या काळापासून. परवापासून तो सलग चालू आहे. खजिनदारांनी बिलाचा प्रश्न विचारला, तो योग्यच आहे. त्यांना मी टँकरची बिलं समोर ठेवून हिशेब दाखवला: फ्लशला शुद्ध केलेलं पाणी वापरलं गेलं तर टँकर किती कमी लागतील. ते आता स्वतः रोज सकाळी एसटीपीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून बघतात.

भाडेकरूंसाठी एक पान तयार करतेय, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. कुठला नळ सोलरचा, फ्लशचं पाणी कुठून येतं, काचा केव्हा उघडायच्या, कचरा कुणाकडे द्यायचा. पण कागद नुसता गेटवर द्यायचा नाही. प्रत्येक मजल्यावरून एक जण नव्या घरी जाऊन बाथरूममध्ये उभं राहून दाखवेल. सी विंगच्या दुसऱ्या मजल्यासाठी त्या आजींनी स्वतःहून नाव दिलंय. मावशी सभेला यायला तयार आहेत, पण बोलणार नाही म्हणाल्या, फक्त बसेन. तेही चालेल.

काका, शेवटचं एक. रिटर्न लाइनला चारही विंगचा खर्च एकदम मंजूर होणार नाही, असं दिसतंय. कुठून सुरू करू?

निवृत्त पाइपवाला, नाशिक

सी विंगपासून. आधी तिथल्या शाफ्टमधलं इन्सुलेशन आणि प्रत्येक मिक्सरचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हा खर्च किरकोळ दुरुस्तीत बसेल. मग त्याच विंगच्या एका उभ्या लाइनवर रिटर्न आणि पंप. पंप घेताना गरम पाण्याचा, स्टेनलेस किंवा ब्राँझ बॉडीचा घ्या, साधा प्रेशर पंप प्लंबर खपवायला बघेल. गच्चीवरच्या टाकीत एक सेन्सर टाका आणि त्याचा आकडा तळमजल्याच्या लॉबीत दिसू द्या. पावसाळ्यात टाकी तीस अंशांवर असेल त्या दिवशी लोकांनी गिझर लावलाच पाहिजे, आणि ५५ दिसत असेल तर कुणी सांगायची गरज नाही.

काम झाल्यावर पुन्हा त्याच दोन बाथरूममध्ये बादली आणि थर्मामीटर घेऊन जा. दुसऱ्या मजल्यावर बादली भरायच्या आत ४० अंश आले तर तोच कागद बाकीच्या तीन विंगच्या सभेत ठेवा. नाही आले तर फोटो इथे टाका, व्हॉल्व्ह कुठे चुकलाय ते बघू.